यात्रेत पाकीट व ओळखपत्रे हरवली असता : भाविकांसाठी माहिती व मार्गदर्शन



बरकतपुऱ्यातील मराठी मंडळींच्या घरी यात्रेची तयारी वर्षभर चालूच असते. आषाढी-कार्तिकीस पंढरपूर, नवरात्रात तुळजापूर, दत्तजयंतीस गाणगापूर, आणि सवड मिळेल तेव्हा अक्कलकोट, शिर्डी, शेगाव, तिरुपती. १९१६ साली निजामाच्या राजवटीत उभारलेले काचीगुडा रेल्वे स्थानक आपल्या परिसरास लागूनच असल्यामुळे रात्री निघावे व सकाळी देवदर्शनास पोहोचावे, अशी सोय आपणांस पिढ्यान्‌पिढ्या लाभली आहे. अशा प्रवासात पाकीट किंवा पिशवी हरवणे, चोरीस जाणे, आणि तीत ठेवलेली सर्व ओळखपत्रे एकाच वेळी जाणे, हा प्रसंग कोणावरही ओढवू शकतो. विशेषतः एकट्याने जाणारे वृद्ध भाविक अशा वेळी गोंधळून जातात आणि हाती असलेला मोलाचा पहिला तास वाया जातो.

म्हणून या विषयाची माहिती एकत्र करून येथे देत आहोत. लेखाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे : पाकिटात असते ती ओळखीची केवळ प्रत, मूळ ओळख सरकारी नोंदींत व आपल्या माणसांत असते. हे ध्यानात ठेवले की पुढील सर्व पायऱ्या क्रमाने सुचत जातात.

१. पाकिटाबरोबर काय काय जाते

पाकीट गेले की प्रथम मनात येते ती रोख रक्कम. वास्तविक पाकिटाबरोबर तीन निरनिराळ्या गोष्टी जातात व तिन्हींचा उपाय निराळा आहे.

पहिली गोष्ट पैसा. तो गेला तर बहुधा गेलाच, असे समजून चालावे.

दुसरी गोष्ट अधिकार, म्हणजे बँकेची कार्डे. कार्ड हाती असणाऱ्यास आपल्या खात्यातून व्यवहार करण्याची वाट मोकळी होते. १ जानेवारी २०२१ पासून यंत्रावर नुसते टेकवून चालणाऱ्या कार्डांद्वारे एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतची खरेदी गुप्त क्रमांकाविना होऊ शकते. म्हणजे गुप्त क्रमांक ठाऊक नसलेल्या चोरासही कार्डाचा उपयोग आहे. पाकिटातील रोकड पाचशे रुपयेच असली तरी धोका पाचशेचा राहत नाही, तो असा.

तिसरी गोष्ट ओळख. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना ही पत्रे गेल्याने आपले नागरिकत्व वा मतदानाचा हक्क जात नाही. परंतु गाडीत, भक्त निवासात व बँकेत आपण कोण हे दाखविण्याचे साधन तात्पुरते हातचे जाते. हे साधन पुन्हा मिळविण्यास वेळ लागतो; म्हणून त्याची पाळी तिसरी. आधी अधिकाराची दारे बंद करावीत, मग पोलिसांत नोंद करावी, मग ओळख पटविण्याच्या कामास लागावे.

२. पूर्वीचे यात्रेकरू काय करीत

ओळखपत्रांचा काळ तसा अलीकडचा. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आला. त्यापूर्वी शेकडो वर्षे आपले लोक काशी-रामेश्वरापर्यंत पायी जात. रोख रक्कम जवळ बाळगण्याऐवजी सावकाराची हुंडी घेत. ओळखीसाठी तीर्थोपाध्यायांच्या वह्या असत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी येथील उपाध्यायांकडे गाव व आडनाव सांगितले की आजोबा-पणजोबांच्या नोंदी निघत. अनोळखी गावात यात्रेकरूची साक्ष देणारा तो दस्तऐवज यात्रेकरूच्या गाठोड्यात नसे, तीर्थाच्या ठिकाणी सुरक्षित असे.

मराठीत या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विष्णुभट गोडसे यांचे आहे. पेणजवळच्या वरसई गावचे हे भिक्षुक. घरच्या कर्जाच्या निवारणार्थ दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ साली ते काकांसमवेत उत्तरेकडे निघाले आणि त्या वर्षीच्या धामधुमीत सापडले. १८५८ साली झाशी इंग्रजांच्या हाती पडली, त्या लुटीत त्यांच्याजवळचे द्रव्य गेले. तरीही ते पुढे काशीपर्यंत गेले आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले. गाठीचा पैसा गेल्यावर त्यांच्याजवळ उरले ते स्वतःची विद्या, गावाचे व घराण्याचे नाव, आणि उत्तरेत ठिकठिकाणी वसलेली मराठी घरे. ओळख माणसांत असते, असे आम्ही वर म्हटले ते याच अर्थाने. आजच्या यात्रेकरूस सरकारी नोंदींचे बळ अधिक लाभले आहे, एवढाच फरक.

३. पहिला तास

(अ) शोध. पाच-दहा मिनिटे शांतपणे शोध घ्यावा. आसनाखाली, अंथरुणाच्या घड्यांत, प्रसाधनगृहात व शेवटी चहा घेतला त्या जागी पाहावे. गाडी अथवा फलाट सोडल्यानंतर लक्षात आले तर रेल्वेच्या १३९ या क्रमांकावर गाडीचा क्रमांक, डबा व आसन सांगून कळवावे. विसरलेले सामान शोधून मालकास परत करण्यासाठी रेल्वे सुरक्षा दल ‘ऑपरेशन अमानत’ या नावाने काम करते; सामान विसरले असल्यास त्याचा उपयोग होतो.

(आ) कार्डे बंद करणे. शोध निष्फळ ठरताच, दुसऱ्याचा दूरध्वनी घेऊन का होईना, प्रत्येक बँकेस कार्ड बंद करण्यास सांगावे. तक्रारीचा क्रमांक, वेळ व बोलणाऱ्याचे नाव कागदावर लिहून ठेवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाचा गाभा असा होता : ग्राहकाचा वा बँकेचा दोष नसताना त्रयस्थाने व्यवहार केला व ग्राहकाने बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळविले, तर ग्राहकावर भार नाही. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले, तर बँकेस कळविण्यापूर्वीचे नुकसान ग्राहकाचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. कार्डाच्या पाठीवर अथवा पाकिटातल्या चिठ्ठीवर गुप्त क्रमांक लिहून ठेवणे हा निष्काळजीपणाच होय. आमच्या वृद्ध भाविकांत ही सवय बरीच आढळते. ती कृपया आजच मोडावी.

(इ) भ्रमणध्वनीही गेला असल्यास. सेवा देणाऱ्या कंपनीस सांगून सिम तत्काळ बंद करावे. खात्यातून पैसे गेल्याचे दिसल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी. तक्रार लवकर झाली तर रक्कम मध्येच रोखण्याची शक्यता अधिक असते. पोलिसांत तक्रार झाल्यावर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या सोयीद्वारे चोरीस गेलेला संच देशभर निरुपयोगी करता येतो. ही सोय मे २०२३ पासून सर्व देशास खुली झाली.

दुसरे सिम मिळाल्यावर पहिले २४ तास त्यावर लघुसंदेश येत नाहीत. फसवणूक टाळण्यासाठी दूरसंचार विभागाने २०२२ साली घातलेला हा निर्बंध आहे. त्यामुळे ज्या कामास संदेशाने येणारा सांकेतिक क्रमांक लागतो, ते काम एक दिवस थांबते. भाविकांनी हे गृहीत धरूनच पुढील प्रवासाचा बेत ठरवावा.

४. पोलिसांत नोंद कोठे व कशी करावी

रेल्वेत दोन प्रकारचे पोलीस दिसतात व त्यांत नेहमी गल्लत होते. रेल्वे सुरक्षा दल हे केंद्राचे; रेल्वेची मालमत्ता व प्रवाशांचे रक्षण हे त्याचे काम. चोरीचा गुन्हा नोंदविणे व तपास करणे हे राज्याच्या रेल्वे पोलिसांचे, म्हणजे जी.आर.पी.चे काम. काचीगुडा स्थानकावरही रेल्वे पोलीस ठाणे आहे.

आपल्या भागातील यात्रेकरूंपुढे एक विशेष अडचण असते. हैदराबादहून सोलापूरकडे जाणारी गाडी विकाराबाद, तांडूरपर्यंत तेलंगणात असते. पुढे वाडी, कलबुर्गी, गाणगापूर रोड ही स्थानके कर्नाटकात. आणि दुधनी, अक्कलकोट रोड, सोलापूर ही महाराष्ट्रात. एका रात्रीत तीन राज्ये व तीन राज्यांचे पोलीस. झोपेत पाकीट गेले तर ते कोणत्या राज्यात गेले, हे कोण सांगणार? पूर्वी या प्रश्नावरून प्रवाशास एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे पाठविले जाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये याविषयी स्पष्ट तरतूद आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, ठाण्यात देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही खबर देता येते, मात्र तीन दिवसांत तीवर सही करावी लागते. नोंदविलेल्या खबरीची प्रत तक्रारदारास विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. यासच बोलीभाषेत ‘झिरो एफ.आय.आर.’ म्हणतात. म्हणून उतरल्या स्थानकावर तक्रार करावी. हद्दीचा प्रश्न निघाल्यास या तरतुदीचा नम्रपणे उल्लेख करावा.

तक्रारीत ‘हरवले’ की ‘चोरीस गेले’ हा शब्द विचारपूर्वक लिहावा. दुय्यम ओळखपत्रे काढण्यास गहाळ वस्तूची नोंद बहुधा पुरते. अनेक राज्यांत ती पोलिसांच्या संकेतस्थळावरही करता येते. परंतु गहाळ नोंदीवर तपास होत नाही. खिसा कापला असेल, पिशवीची साखळी उघडी सापडली असेल, तर चोरी असेच लिहावे आणि ती धावत्या गाडीत झाली हेही लिहावे. प्रवासी वाहनातील चोरीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३०५ आहे. पाकिटाचा रंग, रक्कम, प्रत्येक कार्डाचा प्रकार, गाडीचा क्रमांक, डबा, आसन व शेवटी पाकीट पाहिल्याची वेळ हे सर्व तक्रारीत असावे. मात्र आधार किंवा कार्डाचा संपूर्ण क्रमांक अनावश्यक ठिकाणी लिहू नये; शेवटचे चार अंक पुरेत.

‘तक्रार करून काय मिळणार?’ असे म्हणणाऱ्यांसाठी मुंबईची एक सत्य घटना सांगण्याजोगी आहे. २००६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस ते पनवेल लोकल गाडीत एका प्रवाशाचे पाकीट गेले. त्यात ९०० रुपये होते. २०२० साली, म्हणजे तब्बल १४ वर्षांनी, रेल्वे पोलिसांनी त्यांस दूरध्वनी करून पाकीट मिळाल्याचे कळविले. टाळेबंदी शिथिल झाल्यावर ते वाशीस गेले. त्यांच्या हाती ३०० रुपये पडले. १०० रुपये मुद्रांकाच्या कागदापोटी वळते झाले होते. उरलेली ५०० रुपयांची नोट २०१६ साली रद्द झालेल्या नोटांपैकी असल्याने ती बदलून आल्यावर रक्कम देऊ, असे सांगण्यात आले. रक्कम लहान आहे. पण चौदा वर्षांनंतरही मुद्देमाल व मालक यांची गाठ पडते, हे त्यातून दिसते. आणि त्याचबरोबर हेही दिसते की, पाकीट परत येईल या आशेवर बसून राहण्यात अर्थ नाही. नोंद करावी आणि पुढच्या कामास लागावे.

५. ओळखपत्राविना पुढील प्रवास

रेल्वे. १ डिसेंबर २०१२ पासून आरक्षित डब्यातील सर्व वर्गांत ओळखपत्र आवश्यक झाले. परंतु एका तिकिटावर प्रवास करणाऱ्यांपैकी कोणाही एकाचे ओळखपत्र पुरते. म्हणून समूहाने जाताना आई-वडिलांचे तिकीट मुला-सुनेबरोबर एकाच आरक्षणात काढणे हिताचे. सर्वांचीच ओळखपत्रे गेली असल्यास लपवाछपवी न करता टी.सी.स स्वतः जाऊन सांगावे व पोलिसांतील नोंद दाखवावी. जुलै २०१८ पासून डिजिलॉकरमधील आधार व वाहन परवाना रेल्वेत ग्राह्य आहेत. मात्र ते ‘इश्यूड डॉक्युमेंट्स’ या भागात असले पाहिजेत. आपण स्वतः छायाचित्र काढून चढविलेली प्रत चालत नाही, हा भेद पुष्कळांस ठाऊक नसतो.

हरवलेले तिकीट. खिडकीवर काढलेले आरक्षित तिकीट पाकिटाबरोबर गेले असल्यास, तक्ता तयार होण्यापूर्वी कळविल्यास द्वितीय व शयनयान वर्गास ५० रुपये व अन्य वर्गांस १०० रुपये भरून दुय्यम तिकीट मिळते. तक्ता लागल्यानंतर निश्चित आरक्षणासाठी भाड्याच्या ५० टक्के रक्कम भरावी लागते. ई-तिकिटास ही अडचण नाही. संदेश अथवा आरक्षण क्रमांक पुरतो. घरच्यांनी बरकतपुऱ्यात बसून तिकीट काढून संदेश पाठविला, तरी परतीचा प्रवास होऊ शकतो.

पैसा. आधार बँक खात्यास जोडलेले असल्यास, पोस्टात अथवा बँक मित्राकडे आधार क्रमांक सांगून बोटाच्या ठशावर रक्कम काढता येते. कार्ड, पासबुक, भ्रमणध्वनी यांपैकी काहीही जवळ नसताना चालणारा हा बहुधा एकमेव मार्ग आहे. ज्यांनी सुरक्षेसाठी आधारवरील ठसे बंद करून ठेवले आहेत, त्यांना ते आधी खुले करावे लागतात. एरवी घरच्यांनी विश्वासू सहयात्रेकरूच्या खात्यात रक्कम पाठवावी.

निवास व दर्शन. भक्त निवासात ओळखपत्र मागतात तेव्हा राग मानू नये. रात्री मुक्कामास येणाऱ्या सर्वांच्या सुरक्षिततेची ती जबाबदारी आहे. कार्यालयात पोलिसांतील नोंद, डिजिलॉकरमधील प्रत व घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. तिरुमला येथे ३०० रुपयांच्या विशेष प्रवेश दर्शनासाठी आरक्षणाच्या वेळी नोंदविलेले मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. ते हरवल्यास रांगेत उभे राहण्यापूर्वीच तेथील कार्यालयात चौकशी करावी.

६. दुय्यम प्रती काढण्याचा क्रम

क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक पत्र दुसऱ्याच्या आधारे मिळते. प्रथम सिम, मग आधार, मग डिजिलॉकर, मग इतर.

आधार : क्रमांक बदलत नाही, केवळ प्रत पुन्हा काढावयाची असते. क्रमांक आठवत नसल्यास नोंदविलेल्या भ्रमणध्वनीच्या साहाय्याने तो परत मिळतो. चौकशीचा क्रमांक १९४७, स्वातंत्र्याचे वर्ष म्हणून सहज लक्षात राहतो. छापील कागदावरील ई-आधार मूळ पत्राइतकेच ग्राह्य आहे.

पॅन : दहा अक्षरांचा क्रमांक तोच राहतो, पुनर्मुद्रणासाठी अर्ज करावा. दुसरा नवीन क्रमांक काढणे बेकायदा आहे.

मतदार ओळखपत्र : नमुना ८ भरून बदली पत्र मिळते. २५ जानेवारी २०२१ पासून ई-एपिकही उपलब्ध आहे. चौकशी १९५० वर करावी.

वाहन परवाना : परिवहन विभागाच्या ‘सारथी’ सेवेमार्फत अथवा आपल्या राज्याच्या परिवहन कार्यालयात दुय्यम प्रतीसाठी अर्ज करावा.

पारपत्र : पोलिसांतील नोंदीसह पुनर्वितरणाचा अर्ज करावा. हरवल्याचे कळविलेले पारपत्र रद्द होते. नंतर सापडले तरी त्यावर प्रवास करू नये.

निवृत्तिवेतन : भविष्य निर्वाह निधी संघटनेचे कार्यालय बरकतपुऱ्यातच असल्यामुळे आपल्याकडील अनेक वृद्ध निवृत्तिवेतनाचा आदेश पिशवीत घेऊन फिरतात. यात्रेस निघताना हा मूळ कागद घरी ठेवावा. प्रवासात त्याचे काहीही काम पडत नाही.

येथे आपल्या मराठी कुटुंबांपुढील एक खास अडचण नमूद करणे अगत्याचे आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी मराठवाडा व हैदराबाद एकाच राज्यात होते. त्यामुळे अनेकांचे जन्माचे व शाळेचे दाखले नांदेड, परभणी, लातूरकडचे, वाहन परवाना २ जून २०१४ पूर्वीच्या आंध्र प्रदेशचा, आणि आधार तेलंगणातील, अशी स्थिती असते. त्यात नाव लिहिण्याची रीत निराळी. मराठी रीतीने स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, मग आडनाव. तेलुगू रीतीने घराण्याचे नाव आधी, तेही पुष्कळदा आद्याक्षराने. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या कागदांत तर तीन-तीन रूपे आढळतात. पाकीट हातात असेतो हा फरक कोणी विचारीत नाही. सर्व पत्रे एकदम गेल्यावर मात्र एका कागदावरून दुसरा मिळविताना तोच आडवा येतो. म्हणून नावे, जन्मतारखा व भ्रमणध्वनी क्रमांक आताच एकसारखे करून घ्यावेत. हे काम हरवण्यापूर्वीच करण्याचे आहे.

७. परदेशस्थ नातलग व परदेशयात्रा

सुट्टीत येणारी आपली मुले-नातवंडे पुष्कळदा परदेशी नागरिक असतात. त्यांचे पारपत्र हरवल्यास पोलिसांत नोंद करून त्यांच्या देशाच्या वकिलातीत जावे. अमेरिकेचे महावाणिज्य दूतावास कार्यालय २००८ पासून हैदराबादेत असून २०२३ पासून नानकरामगुडा येथे आहे. देश सोडण्याविषयी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे स्वतंत्र चौकशी करावी लागते. याउलट पशुपतिनाथ वा मुक्तिनाथास नेपाळात गेलेल्या आपल्या भाविकांनी कागद हरवल्यास काठमांडू येथील भारतीय राजदूतावासाशी संपर्क साधावा.

८. दुसऱ्याचे पाकीट सापडल्यास, व कोणी मदत मागितल्यास

सापडलेले पाकीट काही भाविक देवाचे म्हणून दानपेटीत टाकतात. हेतू चांगला असला तरी पेटी उघडेपर्यंत मालक वणवण करीत राहतो. पाकीट न्यासाच्या कार्यालयात द्यावे. कार्यालयाने दोन साक्षीदारांसमक्ष आतील वस्तूंची यादी करून नोंदवहीत सह्या घ्याव्यात, मालकास कळविण्याचा प्रयत्न करावा व न मिळाल्यास पोलिसांच्या स्वाधीन करावे. सापडलेली वस्तू मालकाचा शोध न घेता अप्रामाणिकपणे ठेवून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ नुसार गुन्हा ठरतो. सापडलेल्या आधारचे छायाचित्र समाजमाध्यमांवर पाठविण्याची प्रथाही घातक आहे. मालकास मदत होण्यापूर्वीच त्याचा क्रमांक शेकडो हातांत जातो. नाव व गाव एवढेच कळवावे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘पाकीट मारले गेले, गावी जाण्यास पैसे द्या,’ असे सांगत कोणी देवळाच्या दारी येतो. यांत खरे किती व खोटे किती, हे चेहऱ्यावरून कळत नाही. फसण्याच्या भीतीने सर्वांना परत लावावे, तर खरा अडलेला, कदाचित एखादी परगावची आजी, देवाच्या दारातूनही रिकाम्या हाताने जाईल. सर्वांना पैसे द्यावे, तर खोट्याचा धंदा वाढेल. आम्हास वाटते की यातून मार्ग आहे. रोख रक्कम देऊ नये. परंतु जेवण द्यावे, दूरध्वनी करू द्यावा, घरच्यांशी आपण स्वतः बोलावे, पोलीस ठाण्यापर्यंत सोबत द्यावी, आणि गरज पटल्यास तिकीट आपण काढून द्यावे. खऱ्या अडलेल्यास हीच मदत हवी असते. लबाडास बहुधा यांपैकी काहीच नको असते, आणि तो आपण होऊन निघून जातो. पूर्वी उपाध्यायांच्या वहीने केलेले साक्षीचे काम आज देवस्थानाच्या कार्यालयाने अशा रीतीने करावे, अशी सभासदांस आमची विनंती आहे.

९. निघण्यापूर्वी

१) सर्व पत्रे एका पाकिटात ठेवू नयेत. एक ओळखपत्र जवळ, एक सामानात, उरलेली घरी.

२) एकच कार्ड न्यावे व थोडी रोकड निराळ्या जागी ठेवावी.

३) एका कागदावर घरच्या दोन व्यक्तींचे क्रमांक, बँकांचे कार्ड बंद करण्याचे क्रमांक, व नित्याची औषधे लिहून तो कपड्याच्या आतील खिशात ठेवावा. हल्ली मुलाचा क्रमांकही कोणास पाठ नसतो.

४) डिजिलॉकर घरीच सुरू करून पाहावे, फलाटावर शिकण्याची ती गोष्ट नव्हे.

५) समूहयात्रेच्या प्रमुखाने सर्वांची नावे, वये, आसने व घरचे क्रमांक यांची यादी दोन प्रतींत करावी, एक स्वतःजवळ ठेवावी, एक न्यासाच्या कार्यालयात द्यावी. यात्रा संपल्यावर ती नष्ट करावी.

६) वृद्धांनी गुप्त क्रमांक लिहून जवळ ठेवू नये. विसर पडत असेल, तर कार्डाऐवजी सोबत्याच्या भरवशावर प्रवास करावा.

क्रमांक व शुल्क यांत वेळोवेळी बदल होत असतात. निघण्यापूर्वी ते पडताळून घ्यावेत. हा लेख छापून यात्रेच्या सामानात ठेवल्यास व घरातील वडीलधाऱ्यांस वाचून दाखविल्यास आमच्या श्रमाचे सार्थक होईल. आपली यात्रा निर्विघ्न पार पडो, ही श्रीचरणी प्रार्थना.

आपले नम्र,
विश्वस्त मंडळ, बरकतपुरा, हैदराबाद